भजे खाऊनही

माझं वजन किती होतं ते मी इथे लिहिणार नाही. ते एकदा माइकवरून सांगून झालेलं आहे. ज्यांना ऐकायचं होतं त्यांनी ऐकलं, ज्यांना नव्हतं ऐकायचं त्यांच्याही कानावर गेलं.

मी गोरेगावात शिलाईकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला आरसा, दाराला पडदा. माहेर साखऱ्याचं. तिथे आमच्या शेळ्या-मेंढ्या होत्या, त्यामुळे लग्नाआधी माझ्या पायांना बसणं ठाऊकच नव्हतं. सासरी येऊन शिवण शिकले आणि बसले ती बसलेच. सुरुवातीला मशीन पायानं चालवायचे. पुढे काम वाढलं, लग्नसराईत ब्लाऊजचे ढीग लागायला लागले, तेव्हा नवऱ्यानं मशीनला मोटर बसवून दिली. पाय मोकळे झाले आणि अंग भरत गेलं. गुडघे कुरकुरायला लागले. जिन्यावरून उतरताना मी कठड्याला धरून, आडवी होऊन उतरायचे.

गावातल्या निम्म्या बायकांची मापं माझ्या टेपखालून गेलेली आहेत. कुणाची कंबर वाढली, कुणाची बाळंतपणानंतर उतरलीच नाही, कोण काळजीनं सुकत चाललीय, हे मला त्यांच्या घरच्यांआधी कळतं. पण इतक्या वर्षांत मी एकीचंही माप दुसरीला सांगितलेलं नाही. टेप लावताना आकडा तोंडानं म्हणतसुद्धा नाही. कापडाच्या कोपऱ्यावर खडूनं लिहिते आणि घडी घालते. बाई पडद्याआड पदर काढून उभी असते, ती माझ्या भरवशावर उभी असते.

म्हणून त्या दिवशी जे झालं ते मला इतकं लागलं.

माझी धाकटी जाऊ शेजारच्याच गल्लीत राहते. शिकलेली आहे, बोलायला चुणचुणीत. तिनं हिंगोलीत कुठल्याशा वजन उतरवायच्या पावडरीचं काम धरलं होतं. सकाळी पाण्यात घोळून प्यायची, दुपारी प्यायची, आणि दिवसभर दुसऱ्यांना पाजायला बघायची. मनानं वाईट नाही ती. एक दिवस आली आणि म्हणाली, "ताई, उद्या हिंगोलीला कार्यक्रम हाय. मोठे सर येऊन राहिले. फुकट हाय सगळं. तुमी फक्त बसा, ऐका."

"मला ब्लाऊज द्यायचेत गं."

"गुडघ्याची तकलीफ जन्मभर ठेवायची का? चला ना, माझ्यासाठी चला."

तिच्यासाठी गेले. गोरेगावातून जीप भरून बायका निघालो. हॉलमध्ये खुर्च्या, पंखे, पुढे स्टेज. सर म्हणजे चाळिशीचा, कोट घातलेला, गोड आवाजाचा माणूस होता. खूप बोलला. आपल्या बायका स्वतःकडे लक्ष देत नाहीत म्हणाला, ते मला पटलं. मग त्यानं समोर बघितलं, माझ्यावर नजर थांबवली आणि म्हणाला, "त्या हिरव्या साडीतल्या ताई, जरा वर या. लाजू नका."

मला वाटलं, सत्कारबित्कार असेल, कुणाच्या हाती नारळ द्यायला बाई हवी असेल. मी गेले. तिथे वजनाचा काटा ठेवलेला होता. "चप्पल काढा, उभ्या राहा," म्हणाला. उभी राहिले. आणि त्यानं वाकून बघून माइकवर आकडा सांगितला.

हॉल एकदम हसला नाही. आधी एक 'अय्या' आलं, मागून कुणाचं तरी खुदकन, मग सगळ्या.

"ताई, खायला काय आवडतं? खरं सांगा."

खोटं मला सुचत नाही. "मिरचीचे भजे," म्हणाले.

आता मात्र सगळा हॉल मोकळेपणी हसला. तोही हसला. "हेच! बघा, ताईंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. हेच विष आहे. मी लिहून देतो, भजे सोडल्याशिवाय या ताईंचं एक किलो उतरणार नाही."

 खाली उतरून सरळ दाराबाहेर जावं असं वाटत होतं. तोंडातून मात्र निघालं, "अन् उतरलं तर?"

"काय म्हणालात?"

"भजे न सोडता उतरलं तर?"

त्यानं माइक तोंडाजवळ नेला. "तर मग आम्ही पावडर सोडून भज्यांचा गाडा लावू!"

टाळ्या पडल्या. मी चप्पल घातली आणि खाली आले.

परतीच्या जीपमध्ये जाऊ माझ्या शेजारी होती. म्हणाली, "ताई, मनाला नका लावून घेऊ. ते आपल्या भल्यासाठीच करून राहिले."

"भल्यासाठी सांगायचं तर कानात सांगता येतं," मी म्हणाले.

गोरेगावच्या फाट्यावर जीप थांबली. तिथे एका मावशीचा भज्यांचा गाडा आहे. मोठी कढई, बाजूला मीठ लावलेल्या तळलेल्या मिरच्या, वर्तमानपत्राचे तुकडे. एरवी मी तिथे कधी उभी राहून खाल्लं नव्हतं. बाईमाणसानं फाट्यावर, जीपवाल्यांच्या गर्दीत उभं राहून एकटीनं खायचं, हे आमच्याकडे दिसत नाही. आम्ही पार्सल मागवतो आणि पडद्याआड खातो. त्या दिवशी मी जीपमधून उतरले, सगळ्या बायका बघत असताना गाड्यापाशी गेले आणि एक प्लेट मागितली. तिथेच खाल्ले. खरं सांगायचं तर चव लागली नाही. रागाला चव नसते. पण खाल्ले, शेवटच्या भज्यापर्यंत.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, काय झालं. तो टेम्पो चालवतो, जवळा बाजार गावापर्यंत माल नेतो-आणतो. बोलण्यात काटकसरी माणूस. मी सगळं सांगितलं. माझं रडूही झालं त्यात. त्यानं ऐकून घेतलं, पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "मशीनची मोटर काढून देऊ का?"

मला रडता रडता हसू आलं. "मोटर कशाला काढता?"

"पैज लावून आलीस नं? मग काही तरी तर काढावं लागंल. भजे तर तू काढणार न्हाईस."

भजे पौष्टिक असतात असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. बेसन, तेल, मीठ. मला काय ते कळत नाही? पण मला सोडायचे नव्हते. लहानपणी बाजारच्या दिवशी बाप मेंढरू विकून यायचा तेव्हा धोतराच्या सोग्यात भज्यांचा पुडा असायचा. आई तो पुडा सोडायची आणि आम्ही भावंडं गोल बसायचो. जगात सुख नावाची गोष्ट असते हे मला त्या पुड्यानं शिकवलं. आता कोटातला एक माणूस त्याला विष म्हणाला म्हणून मी ते थुंकून टाकू?

पण पैज लावली होती, आणि मला ती जिंकायची होती. मग मी माझ्याच खाण्यावर नजर ठेवायला लागले, जशी परक्या बाईच्या फिटिंगवर ठेवते. कुठे सैल आहे, कुठे घडी पडते.

आणि एकेक कळायला लागलं. भजे मला आठवत होते, कारण ते मी आवडीनं खात होते. बाकीचं काहीच आठवत नव्हतं. गिऱ्हाईक आलं की चहा. गिऱ्हाईकाबरोबर मीही घ्यायची, साखर घातलेला, सोबत खारी नाहीतर टोस्ट. बोलता बोलता खारीचा पुडा कधी संपला ते कळायचं नाही. दुपारी मशीनच्या फळीवर चिवड्याची वाटी. एक हात कापडावर, एक हात वाटीत. पोरांनी ताटात टाकलेलं फेकवत नाही म्हणून तेही मीच संपवायची. वर जेवताना पहिला भात भुकेचा आणि दुसरा भात सवयीचा. नवरा कधी तरी गाड्यावरून मंचुरियन आणायचा, ते मला आवडतही नाही, तरी गरम आहे म्हणून खायचे. दिवसभर मी खातच होते, आणि त्यातलं एक भजं सोडलं तर कशाचीही मला आवड नव्हती.

मग मी जे आवडत नव्हतं ते सोडलं. खारी सोडली. चहा ठेवला, साखर कमी करत करत नावापुरती आणली. पोरांना सांगितलं, ताटात पडेल तेवढंच घ्या, तुमची आई उकिरडा न्हाई. पोरं आधी हसली, मग शहाणी झाली. दुसरा भात बंद. चिवड्याची वाटी मशीनवरून गेली, तिथे आता दोऱ्याची रिळं असतात.

भजे मात्र राहिले. फक्त पार्सल बंद केलं. खायचे तर फाट्यावर जाऊन, कढईतून निघालेले, उभं राहून, एक प्लेट. माझं घर गावाच्या या टोकाला आणि फाटा त्या टोकाला. आधी पोराला पिटाळायची, आता मीच जायला लागले. रोज नाही जमायचं, कामाच्या दिवसांत तर नाहीच. पण भज्यांची वासना झाली की पायांना चालावं लागायचं. कधी कधी अर्ध्या वाटेत कंटाळा यायचा, आणि मग कळायचं की भूकच नव्हती. परत फिरायची. चालणं तरी झालंच.

फाट्यावर लोक बघायचे. जीपवाले, पानटपरीवरची माणसं. एक दिवस एक ओळखीचा म्हातारा पुढे आला. "काय गं, वजनाची पैज लावली म्हणं तू. अन् भजे खाऊन राहिली?"

"व्हय. पैजच तशी हाय."

"असं कुठं उतरत असतं का वजन?"

"काका, माझं हाय नं? माझं मी बघते."

गाड्यावरची मावशी खोखो हसली. माझ्या प्लेटमध्ये तिनं एक मिरची जास्तीची टाकली. मी ती परत कढईच्या काठावर ठेवली. "एकच प्लेट, मावशी." ती म्हणाली, "अगं, मिरची कुठं मोजतात?" मी म्हणाले, "मी मोजून राहिले सध्या."

पहिला महिना काहीच झालं नाही. टेप लावला की तोच आकडा. नवऱ्यानं खरंच मोटरचा पट्टा काढून दिला होता. फॉल-पिको आणि परकर मी पायानं शिवायची, ब्लाऊजला तेवढा पट्टा चढवायची. संध्याकाळी पोटऱ्या भरून यायच्या आणि वजन मात्र जागचं हलत नव्हतं. जाऊ यायची, मला खालपासून वरपर्यंत बघायची. ती स्वतः चांगली बारीक झाली होती. गालाची हाडं दिसायला लागली होती. "ताई, हट्ट सोडा. एक डबा घेऊन बघा. कुणाला सांगणार न्हाई मी."

"माइकवर सांगून झालं, आता काय लपवायचं?"

"तुमी अजून तेच धरून बसल्या."

"धरून बसले म्हणूनच उतरंल."

असं ठणकावून बोलायचे, पण ती गेली की आरशासमोर उभी राहायचे आणि घाबरायचे. खरंच नाही उतरलं तर? सगळं गाव हसेल. त्या महिन्यात मी दोनदा रागानं खारीचा पुडा मागवला आणि दोन्ही वेळा संपवला. लिहायला लाज वाटत नाही. राग आला की माणूस खातो, यात नवल काय?

मग लग्नसराई आली. दिवसरात्र काम, चालणं बंद, भजेही बंद, पण जेवण वेळी-अवेळी. आता सगळं फसलं असं धरून चालले होते. सराई संपल्यावर माझा स्वतःचा एक ब्लाऊज घातला, आणि खांद्यावरून तो ओघळला. मला वाटलं, कापडच ताणलं असेल. दुसरा घातला. तोही. मग टेप लावला. दार लावून घेतलं, पुन्हा लावला. आपलंच माप घेताना मनाला फसवणं सोपं असतं, म्हणून नवऱ्याला बोलावलं आणि त्याच्या हातात टेप दिला. त्याला टेप धरता येत नाही. उलटा धरला, मग सुलटा केला, आणि बघून म्हणाला, "हे तर कमी हाय."

"किती?"

"तू सांगतेस का गिऱ्हाइकाला?" असं म्हणून त्यानं खडू घेतला आणि फळीवर आकडा लिहून ठेवला. हसत नव्हता, पण डोळे हसत होते.

पुढे ते हळूहळू उतरतच गेलं. कधी थांबायचं, दिवाळीत थोडं चढलंही, फराळ मी सोडला नाही आणि सोडणार नाही. पण जिना मी आता सरळ उतरते. लोक विचारायचे, काय केलं? मी सांगायची, भजे खाल्ले. त्यांना वाटायचं थट्टा करते. भजे खाऊन वजन उतरत नाही, हे मलाही माहीत आहे. भजे खाऊनही उतरतं, एवढंच मी म्हणते. त्या एका 'ही'साठी मला खारी, साखर, दुसरा भात आणि पोरांची उष्टी ताटं सोडावी लागली.

वर्ष उलटलं आणि हिंगोलीत पुन्हा कार्यक्रम ठरला. जाऊ आली. या वेळी तिचा आवाज मऊ होता. "ताई, सर तुमची आठवण काढून राहिले. तुमी यावं म्हणतात. सत्कार करायचाय."

"माझा कशाला?"

"तुमी उतरवलं नं. त्यांच्या बोलण्यानंच तुमाला जिद्द आली, असं त्यांचं म्हणणं."

मी गेले. का गेले? मलाही त्या हॉलात एकदा चालत जायचं होतं. तोच माणूस, तोच कोट नसेल पण तसाच. त्यानं मला वर बोलावलं, शाल दिली, माझा गेल्या वर्षीचा फोटो मागच्या पडद्यावर लावला. कुणी काढला होता, कधी काढला होता, मला ठाऊकच नव्हतं. काट्यावर उभी असलेली मी, वाकलेली मान. "बघा!" तो माइकवर म्हणाला. "इथूनच या ताईंचा प्रवास सुरू झाला. आपल्या परिवाराचा हा विजय आहे. आता ताई पुन्हा काट्यावर उभ्या राहतील."

टाळ्या. काटा तिथेच होता. मला फक्त चप्पल काढायची होती. आकडा माझ्या बाजूचा होता. उभी राहिले असते तर सगळा हॉल माझा होता.

मी चप्पल काढली नाही. "मी उभी न्हाई राहणार," म्हणाले.

"काहून, ताई?" पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

मी माइक मागितला. त्याला वाटलं, आभार मानते. त्यानं दिला.  "मी ह्यांची पावडर एक चमचा घेतली न्हाई. भजे सोडले न्हाईत. दुसरं बरंच सोडलं. अन् माझं वजन चढलं का उतरलं, ते आता माइकवर सांगायचं न्हाई. हा फोटो पण काढून टाका. मला विचारून कुणी काढला न्हाई."

कुणीतरी एक टाळी वाजवली, आणि ती तिथेच थांबली. सगळ्या टाळ्या वाजवतात असं कथेत होतं, तिथे झालं नाही. बायका खाली बघत होत्या. त्यानं माइक परत घेतला, काहीतरी हसरं बोलला, पडद्यावरचा फोटो गेला. मी शाल खुर्चीवर ठेवली आणि बाहेर आले. जीपला वेळ होता. स्टँडवर कचोरी खाल्ली. या वेळी मात्र चव लागली.

जाऊ तीन-चार महिने बोलली नाही. तिच्या कामाचं नुकसान झालं असेल, सरांचे शब्दही ऐकावे लागले असतील. मला तिचं वाईट वाटलं, पण केल्याचं वाईट वाटलं नाही. मग एक दुपारी ती पडदा सारून आत आली. हातात पिशवी. तिनं पावडर बंद केली होती, चक्कर यायला लागली होती म्हणून. अंग पुन्हा भरलं होतं. पिशवीतले ब्लाऊज मीच वर्षापूर्वी तिला आत घेऊन दिले होते.

मी एकेक शिवण उसवली, आत ठेवलेलं कापड मोकळं केलं, नवी टीप मारली. चहा केला, त्यात साखर तिला विचारून घातली. जाताना दारात थांबून म्हणाली, "ताई, तुमी कुणाला सांगणार न्हाई नं?"

"काय सांगायचं?" मी म्हणाले.

आता पुन्हा सराई तोंडावर आली आहे. परवा एक आई मुलीला घेऊन आली. पोरीचं लग्न ठरलंय. गुबगुबीत, गोड पोरगी, मान खाली घालून उभी. मी टेप लावून झाल्यावर आई म्हणाली, "दोन इंच कमीच शिवा. लग्नापर्यंत उतरवील ती. तिचं बाहेरचं खाणं सगळं बंद केलंय आजपासून."

"मी हाय त्या मापाचा शिवते," मी म्हणाले.

"अवं, पण मग तिला धाक कसा राहील?"

"धाकासाठी ब्लाऊज न्हाई शिवत मी. घालायला शिवते. उतरलं तर आत घेऊन देईन, त्याचे पैसे न्हाई लागणार. पण त्या दिवशी पोरगी श्वास घेऊ शकली पाहिजे."

आई नाराज झाली. दुसरीकडे जाते म्हणाली. मी म्हटलं, जा. बराच वेळ ती कापडाची घडी घालत-मोडत उभी राहिली. मग पोरीनंच हळूच मान वर केली आणि म्हणाली, "आई, इथंच शिवू."

मी खडू उचलला आणि तिचं माप कापडाच्या कोपऱ्यावर लिहिलं. जसं होतं तसं.